काट्यावर ठेवलेल्या कॅप्सुली

१२ जानेवारी

दादा आज हॉस्पिटलमधून घरी आला. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे. कोचावर टेकला आणि पहिलं वाक्य काय, तर "वॉरंटी कार्ड दिलं नाही बरं का त्यांनी." वहिनी आतून म्हणाली, "मूळ मालाचंच नव्हतं, सुट्या भागाचं कुठून मिळणार?" सगळे हसले. मीही हसले, पण माझ्या पर्समध्ये दोन रिपोर्ट होते आणि ते मी अजून तिथे कुणाला दाखवले नव्हते.

दादाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, मुलाला एक्कावन्नाव्या वर्षी झटका आला, हे नुसतं खाण्यापिण्याचं नाही, रक्तात आहे. जवळच्या सगळ्यांनी तपासून घ्या. माझं वाईट कोलेस्टेरॉल असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट निघालं. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. हे एक वेळ पचवता आलं असतं. पण लेकीचं माझ्यापेक्षाही जास्त आहे, आणि ती एकोणीस वर्षांची आहे. आठशे मीटर पळते. घरात एका जागी बसलेली दिसत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो.

नवऱ्याचं अगदी व्यवस्थित. "रोज दोन अंडी खाणाऱ्याचं नॉर्मल," तो म्हणाला. "मी तुझ्या माहेराबद्दल एक शब्द बोलत नाहीये. फक्त रिपोर्ट इथे ठेवतो."

१६ जानेवारी

मी आणि भिंगरी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या समजावताना चित्र काढतात आणि चित्र फार वाईट काढतात. यकृताचा बूट झाला होता.

त्यांनी सांगितलं ते असं. कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. पेशींच्या भिंतींना ते लागतं, म्हणून यकृत ते स्वतःच बनवतं. आमच्या घराण्यात अडचण उचलण्याची आहे. रक्तात फिरणारं कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारे जणू हातच यकृताच्या पेशींवर असतात, आमच्यात त्यांतले निम्मे कामाचे नाहीत. न उचललेला माल रक्तात फिरत राहतो आणि वाहिन्यांच्या अस्तरात जाऊन बसतो.

"मग तुम्ही देणार ती गोळी तो विरघळवते का?" भिंगरीने विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. गोळी रक्तवाहिनीत काहीच करत नाही. ती यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवायचं एक यंत्र मंद करते. घरात तयार होईना म्हटल्यावर पेशीला बाहेरून आणावं लागतं. त्यासाठी ती जास्त हात बाहेर काढते. असा रक्तातला साठा कमी होतो."

आणि त्रास? मीच विचारलं. काहींचे स्नायू दुखतात, बहुधा सौम्य. अगदी क्वचित स्नायू खरोखरच झिजायला लागतात, लघवी चहासारखी गडद होते. तसं दिसलं तर गोळी बंद करून तडक यायचं. यकृताच्या चाचणीत थोडा फरक पडू शकतो, साखर किंचित वाढू शकते, काही अँटिबायोटिकांशी हिचं जमत नाही. भिंगरीला त्या म्हणाल्या, "आणि पुढे कधी मूल हवं असं ठरवलंस तर आधी मला सांगायचं. तेव्हा ही थांबवतात."

भिंगरी 'स्नायू' या शब्दापाशीच थांबली होती. "मॅडम, माझं सगळं स्नायूंवरच चाललंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आधी आईला घेऊ दे. तिला काय होतं ते बघते, मग मी."

"काही महिने चालेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही वर्षं चालणार नाही."

मला बरं वाटलं. पोरीचा माझ्यावर भरवसा आहे. आता लिहिताना शंका येते, की पुलावरून आधी कुणाला तरी पाठवून बघावं तसा हा भरवसा असावा. तसा असला तरी हरकत नाही. आईनेच आधी जावं.

२० जानेवारी

गोळीच्या खोक्यातला कागद उलगडला की टेबलभर होतो. दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून दोनदा वाचला. मी वजनं आणि काटे तपासते. दुकानांतले, गोदामांतले, औषध कंपन्यांतले काटे खरं बोलतात की नाही हे आमची प्रयोगशाळा ठरवते, आणि कागदावर शेवटची सही माझी असते. त्यामुळे 'शंभरातल्या एकाला', 'हजारातल्या एकाला' ही भाषा मला परकी नाही. फरक एवढाच, की काट्याची त्रुटी लिहिताना तो काटा माझ्या पोटात नसतो.

आज पहिली गोळी घेतली.

२९ जानेवारी

सकाळी जिना उतरताना दोन्ही मांड्या भरून आल्या. काल धान्याच्या गोदामातला मोठा काटा तपासला. वीस-वीस किलोची प्रमाण वजनं मी आणि माझा सहकारी आळीपाळीने फलाटावर चढवत होतो. पण ते मी वीस वर्षं करते आहे.

"वीस वर्षांपूर्वी तू पंचविशीत होतीस," नवरा म्हणाला.

"मुद्दा तो नाही."

भिंगरी शेजारी येऊन बसली. "पुढे दुखतं की मागे? गुडघ्याच्या वर का?" असं विचारताना ती स्वतःचीच मांडी दाबून बघत होती. किती काळजी करते माझी.

१३ फेब्रुवारी

गोळी मागच्या आठवड्यात बंद केली. स्नायूंची रक्तचाचणी अगदी सरळ आली. यकृतही ठीक. तरी गोळी थांबवल्यावर दोन दिवसांत पाय मोकळे झाले, हे कसं नाकारू? डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या जातीची गोळी दिली, कमी ताकदीची. ती घेतली आणि अर्ध्या तासात पोटऱ्या ठणकायला लागल्या.

"अर्ध्या तासात?" त्यांनी विचारलं.

"फार तर पाऊण."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाचता आलं नाही, डॉक्टरांचं अक्षर.

२५ फेब्रुवारी

आज एक प्रस्ताव आला आणि मला त्याचा राग आला. राग योग्य होता का, हे ठरवता येत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा दुखण्यात गोळीचा वाटा किती आणि गोळीच्या धाकाचा किती, हे बाहेरून सांगता येत नाही. तेव्हा चार महिने एक प्रयोग करू. चार बाटल्या, महिन्याला एक. दोन बाटल्यांत औषध, दोन बाटल्यांत नुसती साखर, सगळं एकसारख्या कॅप्सुलींत. कुठल्या बाटलीत काय, हे मला सांगायचं नाही. रोज पाय किती दुखले त्याचा आकडा लिहायचा, महिन्याच्या शेवटी रक्त द्यायचं, रिपोर्ट त्या स्वतःजवळ ठेवणार.

"म्हणजे मी नाटक करते असं तुम्हाला वाटतं?"

"नाही. दुखणं खरंच असतं. ते येतं कुठून, एवढाच प्रश्न आहे. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी उपाय आहे. गोळी खरंच सोसत नसेल तर आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारं औषध आहे, इंजेक्शनं आहेत. पण आधी कळायला हवं. आणि तुमच्या मुलीसाठीही."

हे शेवटचं त्यांनी बोलायला नको होतं. त्यानंतर मला नाही म्हणता येईना.

२८ फेब्रुवारी

कॅप्सुली वहिनीने भरल्या. ती हॉस्पिटलच्या औषध विभागात आहे, डॉक्टरीणबाईंनी तिलाच सांगितलं. आज दादाकडे गेले तर टेबलावर चार बाटल्या मांडलेल्या. झाकणं पांढरं, पिवळं, हिरवं, निळं. घ्यायच्याही याच क्रमाने.

"घ्या नणंदबाई," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला विष घालायची संधी शोधत होते."

"साखर घालणार आहेस म्हणे. तुझ्या हातून गोड काही मिळेल असं वाटलं नव्हतं."

"चव घेऊन बघायची नाही. उघडायच्या नाहीत. गिळायच्या."

दादा सोफ्यावरून म्हणाला, "ती कशाला उघडेल? शाळेत परीक्षेत पेपर संपल्यावर शेजारणीला दिसू नये म्हणून पालथा ठेवायची ही. एकदा स्वतःच्याच पेपरावर शाई सांडली."

वहिनी त्याच्याकडे बघून नुसती "हं" म्हणाली.

९ मार्च

पांढरी बाटली. दुखतं, नाही दुखत, ठरवता येत नाही. काल दोन लिहिलं, आज एक. संध्याकाळी वाटलं तीन लिहावं, पण ते दुखण्यापेक्षा वैतागाचं होतं.

न कळणं फार त्रासदायक आहे. औषध असेल तर मी सोसते आहे त्याला अर्थ आहे. साखर असेल तर दादाच्या वाहिनीत बसलं ते माझ्या वाहिनीत या क्षणी बसतं आहे, आणि मी आपली रोज एक कॅप्सूल गिळून आकडा लिहिते आहे. भिंगरी रोज विचारते, "आज किती?" मी आकडा सांगते. ती मान हलवते आणि पळायला जाते.

१४ मार्च

हे लिहायचं की नाही यावर दिवसभर विचार केला. पण इथेही खोटं लिहायचं तर मग दैनंदिनी कशाला?

आज चारही बाटल्यांतल्या काही कॅप्सुली प्रयोगशाळेत नेल्या. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर काचेच्या पेटीतल्या काट्यावर एकेक ठेवली. तो काटा बोटाचा ठसासुद्धा मोजतो. चिमट्याने ठेवत होते. श्वास रोखून, कारण श्वासानेही आकडा हलतो.

पांढऱ्या आणि हिरव्या झाकणांतल्या जड. पिवळ्या आणि निळ्या हलक्या. फरक इतका स्पष्ट, की पुन्हा मोजायची गरज नव्हती. तरी पुन्हा मोजल्या.

म्हणजे पांढरी आणि हिरवी औषधाची. आत गोळी आहे म्हणून जड. उरलेल्या दोन्हींत नुसती साखर.

आमच्याकडे नियम आहे: एकच वजन दोघांनी मोजायचं असेल तर पहिल्याचा आकडा दुसऱ्याला दाखवायचा नाही. आकडा माहीत असला की डोळा तिकडेच झुकतो. नव्या मुलांना हे मीच शिकवते, आणि चूक झाली तर सगळं काम पुन्हा करायला लावते. मग मी आज काय केलं? दिवसभर स्वतःला समजावते आहे, की तो नियम मोजणाऱ्यासाठी आहे. इथे मी मोजणारी नाही, मोजली जाणारी आहे. काट्यावरच्या वजनाला स्वतःचं वजन माहीत असलं म्हणून ते काही बदलत नाही.

हे बरोबर वाटतं. निदान चूक कुठे आहे ते मला सापडत नाही.

१९ मार्च

पाच. जिना चढताना कठड्याला धरलं. औषध आहे हे कळल्यापासून निदान मनाचा गोंधळ थांबला. आधीचे एक-दोन आकडे मी भिडेखातर कमी लिहिले असावेत.

३० मार्च

सहा, सात, सहा. आज रक्त देऊन आले. सुटले एकदाची. उद्या शेवटची पांढरी, मग पिवळी.

११ एप्रिल

अंग इतकं हलकं वाटतं आहे की भिंगरीबरोबर मैदानाला एक फेरी मारली, चालत. ती तोवर तीन मारून आली. "आई, आज किती?" "शून्य." "मग साखरच असेल ही," ती म्हणाली. मी बहुतेक हसले असेन. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

२२ एप्रिल

दोन दिवस बंदरावरचे काटे तपासले. वजनं चढवली, उतरवली. खांदे, मांड्या, कंबर सगळं दुखतं आहे. पण हे कामाचं दुखणं, ते ओळखू येतं. गोळीचं वेगळं असतं. शून्य लिहिलं.

८ मे

हिरवी बाटली सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी पोटऱ्या. अपेक्षाच होती.

आज भिंगरीची मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर अस्तराची रेघ दाखवली. एकोणिसाव्या वर्षी ती जेवढी पातळ असायला हवी तेवढी नाही. चाळिशीतल्या बाईची असावी तशी आहे. गाठ नाही, अडथळा नाही, पण सुरुवात आहे. भिंगरी पडद्याकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मी रोज पळते ना पण." तिच्या बुटाची नाडी सुटली होती, ती मी खाली बसून बांधली. तीही बांधू देत उभी राहिली.

१७ मे

तिची निवड झाली. ऑगस्टपासून दोन वर्षं निवासी प्रशिक्षण. घरात आनंदीआनंद. नवरा शेजाऱ्यांना उगाच काहीतरी विचारायच्या निमित्ताने जाऊन सांगून आला.

मी दोन्ही पाय बादलीतल्या गरम पाण्यात सोडून बसले होते. भिंगरी जमिनीवर बसली. "हिरवी औषधाची आहे, हो ना?"

"मला काय माहीत?"

"तुझ्या पायांना माहीत आहे. मार्चमध्ये दुखलं, एप्रिलमध्ये नाही, आता परत. इतकं स्पष्ट आहे." मग पाय जवळ ओढून घेत, "तिथे पहिल्याच महिन्यात पळण्याची वेळ मोजतात. मला असं झालं तर परत पाठवतील."

मी म्हणायला हवं होतं, की मी काट्यावर... पण त्याने काय फरक पडला असता? पाय दुखतातच आहेत. निष्कर्ष तोच आहे.

१५ जून

निळी. पाय उत्तम.

भिंगरीने आज ताटावरच सांगून टाकलं. "मी गोळी घेणार नाही. तिकडून परत आल्यावर बघू."

"दोन वर्षांनी?" नवऱ्याने विचारलं.

"आईकडे बघून ठरवायचं असं ठरलं होतं. बघितलं."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी कोशिंबिरीचं भांडं पुढे सरकवलं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, तिचे पाय वाचले म्हणून. मग ती पडद्यावरची रेघ आठवली.

दादाला फोनवर सांगितलं. नेहमीचा विनोद आला नाही. "मीही सहा वर्षांपूर्वी पाय दुखतात म्हणूनच सोडली होती," तो म्हणाला. "पाय आता मस्त आहेत माझे."

३ जुलै

क्रमाने लिहिते.

दादाचीही तपासणी होती, म्हणून चौघं बसलो होतो: मी, दादा, वहिनी, डॉक्टरीणबाई. त्यांनी माझे आकडे मांडले. पांढरी आणि हिरवी, भरपूर दुखणं. पिवळी आणि निळी, जवळजवळ नाहीच. मग वहिनीने दिलेलं बंद पाकीट फोडलं.

"पांढरी, साखर," त्यांनी वाचलं. "पिवळी, औषध. हिरवी, साखर. निळी, औषध." त्यांनी रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवले. पिवळ्या आणि निळ्या महिन्यांत माझं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. पांढऱ्या-हिरव्यात होतं तिथेच.

मी म्हटलं, "शक्य नाही. पांढऱ्या बाटलीतल्या जड आहेत."

मी काय बोलून गेले ते मला सगळ्यांत शेवटी कळलं.

"जड आहेत हे तुम्हाला कसं समजलं?" डॉक्टरीणबाईंनी अगदी हळू विचारलं.

वहिनी खिडकीबाहेर बघत होती. "मी ह्यांच्याशी पैज लावली होती," ती म्हणाली. "नणंदबाई काट्यावर ठेवणार. म्हणून औषधाच्या कॅप्सुलींत बारीकशी गोळी आणि वर जरासा साखरेचा भुगा घातला, पोकळ ठेवल्या. साखरेच्या ठासून भरल्या."

"हे मला सांगायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या.

"सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं."

मी दादाकडे बघितलं तेव्हा तो म्हणाला, "मी तुझ्या बाजूने लावली होती."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बघत होता, एखादा ओळखीचा काटा पहिल्यांदाच चुकीचं वजन दाखवतो तेव्हा मी बघते तसा.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखलं ते खरंच दुखलं. ते मी आधीही म्हटलं होतं. पण ते औषधाने दुखवलेलं नाही."

४ जुलै

दैनंदिनी मागे जाऊन वाचली. ९ मार्च: एक, दोन. १४ मार्चला काट्यावर ठेवल्या. १९ मार्च: पाच. माझ्याच अक्षरात आहे. एप्रिलमधलं बंदरावरचं काम: सगळं अंग दुखत असताना शून्य. त्या शून्यावर मला जराही शंका आली नव्हती.

मी माझ्या पायांना जे सांगितलं ते पायांनी मला परत सांगितलं. आणि मी ते लेकीला सांगितलं.

भिंगरीला अजून काही सांगितलेलं नाही. तिची परीक्षा आहे, असं स्वतःला सांगते आहे. परीक्षा परवाच संपली.

९ जुलै

सांगितलं. ती बॅगेत कपडे भरत होती.

आधी बाटल्यांचा निकाल सांगितला. तिचा विश्वास बसेना. मग काट्याचं सांगितलं. तिने हातातला टी-शर्ट घडी करून ठेवला, परत उलगडला.

"म्हणजे एप्रिलमध्ये हसलीस तेव्हा तुला वाटत होतं की तुला माहीत आहे."

"हो."

"आणि मे महिन्यात पाय पाण्यात घालून बसली होतीस तेव्हाही."

"हो. पण तेव्हा दुखत होतं भिंगरी. खोटं नव्हतं."

"तेच तर." तिचा आवाज चढला नाही, पातळ झाला. "तुला साखरेने दुखलं. खरंखुरं. मग मला दुखलं तर ते कशाने दुखलं हे मी कसं ओळखायचं? तू वजनं मोजणारी बाई, तुला आलं नाही. मला रोज दुखतं, पळाल्यावर दुखतंच. आणि आता तुझं बघून अर्धं आधीच दुखायला लागलंय."

मी एवढंच म्हटलं, "मला कळत नाही कसं ओळखायचं. पण माझ्या पायांकडे बघून ठरवू नकोस. माझे पाय साक्षीला घेण्यासारखे नाहीत."

ती बूट घालून बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. नवरा दोनदा गॅलरीत जाऊन आला आणि दोन्ही वेळा झाडांना पाणी घालायला गेलो होतो म्हणाला. झाडं कुजतील अशाने.

१२ जुलै

ती एकटीच वहिनीकडे जाऊन आली. मामीने काय सांगितलं ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. तिथून डॉक्टरीणबाईंकडे. आल्यावर म्हणाली, "आजपासून सुरू करते. इथे असतानाच, म्हणजे काही झालं तर मॅडम जवळ आहेत. लघवीचा रंग आणि ताप यांवर लक्ष ठेवायचं, जायच्या आधी एकदा रक्त. बाकी दुखण्याकडे मी बघेन."

"बरं."

"एक अट आहे. पाय दुखतात का, हे तू विचारायचं नाहीस. तू विचारलंस की दुखतील."

मी कबूल केलं. मीही आज पुन्हा सुरू केली आहे. माझी गोळी, माझ्या खोक्यातली, वर नाव छापलेली. संध्याकाळी डाव्या पोटरीत काहीतरी झालं. असेल.

२० जुलै

न विचारणं किती अवघड आहे. ती पळून येते, पायरीवर बसते, पोटरी चोळते. पूर्वीही चोळायचीच, की आत्ताच? पूर्वी मी कधी बघितलंच नव्हतं. आज दारात उभी राहून, "पाणी हवं का?" विचारलं. तिने वर बघितलं, म्हणाली, "आई, डोळ्यांनीही विचारायचं नाही."

२ ऑगस्ट

तिला सोडून आलो. खोलीत चौघी मुली आणखी, पाच पलंग, एक खिडकी. तिचा रक्ताचा रिपोर्ट निघायच्या आदल्या दिवशी आला. कोलेस्टेरॉल उतरलं आहे, यकृत, स्नायू ठीक. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसून म्हणाल्या, "हे चित्र मी काढत नाही, बिघडेल." परतताना गाडीत दादाचा फोन आला, त्याने विचारलं, "पोहोचली का? घेते आहे का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मीही घेतो." पैजेबद्दल तो अजून काही बोललेला नाही. मीही काढलेलं नाही.

१६ ऑगस्ट

संध्याकाळी तिचा फोन. मी सगळं विचारलं: जेवण कसं आहे, गादी कशी आहे, खिडकीजवळची जागा कुणी घेतली, मोजे वाळतात का. उत्तरं देत गेली. मग माझे प्रश्न संपले.

"विचार," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. आजच्यापुरतं."

"पाय कसे आहेत?"

"दुखतात."

ती पुढे बोलत होती. काल चढावर पळवलं. सगळ्याच जणींचे दुखतायत, खिडकीजवळची तर आज जिना बसत बसत उतरली. ती हसत होती.

"त्यांच्याइतकेच दुखतायत की जास्त?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती म्हणाली, "ते मी बघते, आई." "बरं," मी म्हटलं.

मी बाहेरच्या खोलीत आले. नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. "काय म्हणाली?"

"पाय दुखतात म्हणाली."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग? तू काय म्हणालीस?"

"बरं म्हटलं, आणि फोन ठेवला."